फोम काढणारी बाई

अंबडला भाजी आणायला जाताना भंगाराच्या दुकानाबाहेर एक बाई रोज दिसायची. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सीटा उसवून ती त्यातला फोम वेगळा काढायची. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. चहा आला की आधी साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायची. दिवसभर धुळीत बसणारी बाई हातांना इतकी का जपते, याचं मला नवल वाटायचं.

माझी लेक बाळंतपणाला आली होती. बाळाच्या गादीसाठी तो मऊ फोम मिळेल का, असं एक दिवस धीर करून विचारलं.

"लहान बाळाला? मग नाय देणार, मावशी."

"मी धुऊन घेईन."

"धुऊन नाय जात. आग लागू नये म्हणून यात औषध घातलेलं असतं. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम सांगत होत्या, याची धूळ लेकराच्या पोटात गेली तर डोक्याच्या वाढीला बाधू शकते."

"आगीचं औषध, आणि डोक्याला?"

"मी बी असंच विचारलं होतं," ती हसली.

"मग तुमच्या घरी?"

"पोरगी दीड वर्षाची हाय. मी गेले की पळत येते, पण अंघोळ करून साडी बदलल्याशिवाय घेत नाय तिला. तोवर न्हाणीच्या दाराशी बसून रडते. लय राग हाय तिला माझा."

बाळाची गादी मी जुन्या साड्यांची शिवली. आता संध्याकाळी दिवा लावताना वाटतं, ती घरी पोचली असेल आणि दाराच्या आत घाईघाईने अंगावर पाणी ओतत असेल.