जेवणाच्या आधी परत

सतीश गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला एका दुकानात ब्लाउजच्या अस्तराचा रंग जुळवत उभी होते. "ताई, हे गेले सकाळी," त्याची बायको नंदा म्हणाली. मग हळूच सांगितलं, की दुखणं वर्षभरापासून होतं, त्यानेच कोणाला कळू दिलं नाही. मी अस्तर घेऊन घरी आले आणि बघते तर रंग भलताच. रडू आलं नाही, राग आला. थोड्याच दिवसांपूर्वी भायखळ्याला भेटलो होतो. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला, मी विचारलं, तर म्हणाला, "अ‍ॅसिडिटी आहे गं. तू लगेच डॉक्टर होऊ नको." तो राग अजून उतरलेला नाही. हे लिहितानाही मी दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले...

सतीश लग्नांचे फोटो काढायचा. राहायला चिंचपोकळीच्या चाळीत, कामं लालबाग-परळच्या सगळ्या हॉलमध्ये. गळ्यात मोठा डीएसएलआर आणि शर्टाच्या खिशात एक छोटा चंदेरी कॅमेरा, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, नाडी मळलेली. एवढा मोठा असताना हे खेळणं कशाला, असं लोक विचारायचे. "बॅकअप," म्हणून तो मोकळा व्हायचा. खरं कारण मला माझ्या भावाच्या लग्नात कळलं, तेही त्याने न सांगता.

त्या लग्नात करवलीचा मान सख्ख्या बहिणीला सोडून आतेबहिणीला दिला, कारण ती दुबईहून आली होती. मी हॉलच्या मागे कूलरपाशी जाऊन बसले. आई बोलवायला आली, मामा आला, मी ढिम्म. मग हा अनोळखी फोटोग्राफर आला, आणि समजूत काढायचं सोडून स्वतःचंच रडगाणं गायला लागला. "तुम्ही मुलाच्या बहीण ना? बरं झालं मोकळ्या आहात. मला स्टेजवरून हलता येत नाही. खाली कोण काय करतंय, तेवढं यात काढा ना. जेवणाच्या आधी परत द्या." नाडी माझ्या मनगटात अडकवली आणि गेलासुद्धा. आता हातात कॅमेरा असल्यावर कूलरचे किती फोटो काढणार? उठावं लागलं, माणसांजवळ जावं लागलं. आतेबहिणीचाही काढला, मुद्दाम तोंडात घास असताना. तो कॅमेरा परत घ्यायला आला तेव्हा मी पंगतीत वाढायला उभी होते.

अल्बम आला, त्याच्या शेवटच्या पानावर मी काढलेला एक फोटो होता. आई स्टेजच्या पायरीवर एकटी बसून, चप्पल काढून टाच चोळतेय. कोपऱ्यात माझा अंगठा. आई गेल्यावर आम्ही सगळ्यात जास्त बघितला तो हाच फोटो.

मग मैत्री झाली, अहोजाहो गेलं, आणि एकदा त्याने कबूल केलं. "प्रत्येक लग्नात एक रुसलेला असतो गं. पत्रिकेत नाव खाली छापलं, आहेरात टॉवेल हलका आला, काहीतरी. मी हॉलमध्ये शिरलो की आधी त्याला शोधतो." मी म्हटलं, आता सगळ्यांकडे फोन आहेत, त्यावर काढायला सांग. तर म्हणाला, "फोन दिला तर तो कोपऱ्यात बसून मेसेज बघेल. या डब्याला दुसरं काही येतच नाही, म्हणून माणूस उठतो." मी त्याला लबाड म्हटलं. तो खूश झाला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी चाळीखाली गेले आणि वर चढेनाच. जिन्यापासून नाक्यापर्यंत नुसत्या फेऱ्या. वर त्रिशरण सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. वर जाऊन काय करू? ज्याने मला काही सांगितलं नाही, त्याच्या फोटोला फूल वाहू? मेलेल्या माणसावर रुसणं हा मूर्खपणा आहे, हे मला कळत होतं. पाय मात्र जिन्यापाशी आले की परत नाक्याकडे वळत होते.

नंदा खाली आली. पांढरी साडी, हातात तो छोटा कॅमेरा. "ताई, आलेल्या माणसांचे फोटो राहिलेत. मला नाय जमणार आज. तेवढे काढता?" मी तिच्याकडे बघितलं. ती वर न बघता नाडी माझ्या मनगटात अडकवत होती. तिला माहीत होतं ती काय करतेय, आणि मलाही. तरी मी वर गेले.

सगळ्यांचे काढले. भन्तेजींचे, दाराबाहेरच्या चपलांचे, चहाचा ट्रे घेतलेल्या त्याच्या पुतणीचे. शेवटी त्याच्या फोटोसमोर आले, आणि त्या एवढ्याशा स्क्रीनवर तो आत्ता काहीतरी टोमणा मारेल असा दिसला. तिथे मला रडू आलं. तो फोटो हललेला आलाय.

ताटं मांडली तेव्हा मी कॅमेरा नंदापुढे धरला. "असू दे तुमच्याकडे," ती म्हणाली आणि वाढायला वळली. मी न जेवता घरी आले.

तेव्हापासून तो पर्समध्ये असतो. रविवारी चार्ज करते, उगीच सुरू करते, बंद करते. परवा गिरगावात एका साखरपुड्याला गेले होते. मागच्या रांगेत एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, कोणी बोलवलं तरी मान उडवत होती. मी पर्स उघडली, नाडी बोटाला गुंडाळली, तिच्या खुर्चीपर्यंत गेले... आणि तशीच मागे फिरले. तिला काय सांगणार होते? जेवणाच्या आधी परत द्या म्हणून? माझ्याकडूनच अजून कोणी परत घेतलेला नाही.