खालच्या रानातलं मीठ

उसाला पाणी सोडून मी सदलग्याला चहाला गेलो, आणि पाणी वाचवणाऱ्यांची टवाळी करता करता स्वतःचं पाणीच विसरलो. परत आलो तर सऱ्या तुडुंब भरून, बांध फोडून ते खालच्या रानात उतरलेलं. आणि त्या रानाचा मालक, आमचा अण्णा, खोरं घेऊन बांधावर उभा.

असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. तोंडाआधी त्याचा हात चालायचा. साऱ्या शिवारात ठिबकवर ऊस करणारा तो एकटा. आम्ही बाकीचे वीज असेतोवर मोटार बंद करत नसू. तसं करणं जणू शिवाराचा धर्मच. अण्णा रोज ढेकूळ उचलून जिभेला लावायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "खारी व्हायलीया." वरच्या रानातलं, म्हणजे माझंच, जादा पाणी झिरपून त्याच्या जमिनीत मीठ वर काढत होतं.

एकदा हॉटेलात मी म्हणालो, "अण्णा, ऊस हाय त्यो. थेंबानं तहान भागतीया व्हय त्याची?"

"तुझा ऊस पितोय आन् माझं रान मरतंय रं!" म्हणत त्यानं हातातला ग्लास भिंतीवर फोडला. हॉटेलवाल्यानं लगेच दुसरा भरून दिला. सवयीचं होतं.

बांध फुटला त्या दिवशी त्यानं आधी माझ्या मोटारीचा स्टार्टर फोडला. मग मानगूट धरून मला त्याच्या रानात लोटलं आणि तोंड मातीत दाबलं.

"चाट."

"अण्णा, जाऊ दे की..."

"चाट म्हंतो न्हवं! चव सांग."

"खारट."

"जोरात!"

"खारट हाय, अण्णा!"

उठू लागलो तसा खोऱ्याचा दांडा मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. मी गुरासारखा ओरडलो. बघतो तर तोही रडत होता. त्यानंच डोक्याचा पटका फाडून माझा हात आवळला आणि चिकोडीच्या दवाखान्यापर्यंत मला मोटारसायकलवर शिव्या घालत नेलं.

मी पोलिसांत तक्रार दिली. पुढच्या लागणीला त्याच्या रानात ऊस फुटलाच नाही. पांढरा थर तेवढा फुटला. अण्णा जांबोटीकडं लेकीच्या घरी गेला, तो आलाच नाही. ठिबकच्या नळ्या त्या थरावर अजून पडून आहेत.

मग मी तक्रार मागं घेतली, आणि मोठ्या मनाच्या माणसासारखा घरी येऊन तसं सांगितलं.

बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तक्रार मागं घेतलीसा, बरं केलंसा. आता पाणी कवा कमी करतासा?"