हौदातले मरळ

सुनेनं दुसरा घास घेतला तेव्हा मी अंगणातल्या हौदावर वाकले होते. मरळ मासे कुशीवर पडून गोल गोल फिरत होते. शेपट्या काळ्या पडलेल्या, एकाचा कणा मधूनच वाकडा. तिच्या ताटातला मासा याच हौदातला. आठ दिवस हेच खात होती. मी आत गेले आणि ताट ओढून घेतलं.

"थुंक."

"आत्याबाई, मीठ लय झालं का?"

तिला बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. नात अंगावर पीत होती.

आम्ही भोई. आमच्यात बाळंतिणीला मरळ खायला देतात, ताकद येते म्हणून. माझ्या नवऱ्यानं दोन महिने आधीच गोदावरीतून मरळ आणून जिवंत हौदात सोडले होते. रोज गांडुळं शोधून घालायचा. माझ्या बाळंतपणात त्यानं एवढं केलं नव्हतं.

त्याच दिवसांत तो नवं जाळं विणत होता. जाळ्याला वजन लागतं, म्हणून गॅरेजमधून जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाच्या पट्ट्या आणल्या. वितळवायच्या आधी त्या हौदाच्या कडेला धुतल्या. पाणी हौदातच गेलं.

"आवं, काय करून ठेवलं ह्ये?"

"शिसंच हाय की. जल्मभर दातानं दाबून जाळ्याला लावलं. मला काय झालं?"

"ते दिसायलंय."

तो हौदाशी गेला, पाण्यात हात घातला आणि तिथंच खाली बसला. मग नदीपासून लांब खड्डा खणून सगळे मासे पुरले.

गंगाखेडच्या डॉक्टरनं सुनेचं रक्त मोठ्या शहरात तपासायला पाठवलं. कागद येईपर्यंत म्हातारा अर्धी भाकर खाऊन उठायचा. हात घासून घासून सोलून घेतले. नातीजवळ येईना. मीच ती त्याच्या मांडीवर टाकली.

"धरा. हाताला काय इख लागलंय का?"

"लागलं व्हतं की," तो म्हणाला. पण धरली. आणि ती मुतली त्याच्यावर.

कागद आला. सुनेच्या रक्तात शिसं थोडं होतं, डॉक्टर म्हणाला धोका नाही, पाजत राहा. म्हाताऱ्याचं तपासलं तर त्याच्यात जास्त निघालं. त्याला गोळ्या चालू झाल्या.

मासा एकही वाचला नाही. सून, नात आणि म्हातारा वाचले.