रोश्का म्हणजे काय, हे विचारायला वसईला गेले

अर्धांगवायूनंतर आईची वाचा गेली. उरला एकच शब्द : रोश्का. शेवटपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली. आम्हाला वाटायचं, कुणा मैत्रिणीला हाक मारतेय. ती गेल्यानंतर एकदा शब्दकोशात ‘रस्क’ सापडला. मूळ पोर्तुगीज शब्द रोश्का, म्हणजे वेटोळं. वेटोळ्या आकाराचा पाव. आईचं माहेर वसईकडचं. शनिवारी साताऱ्याहून मी एकटीच गाडी घेऊन निघाले.

तुम्ही जाणार असाल तर घोडबंदर रस्ता सकाळी लवकर पार करा. मी ट्रकांच्या रांगेत सडले. चिंचोटीजवळ धबधब्याला निघालेल्यांनी उरलासुरला रस्ताही अडवला होता. अर्नाळ्याच्या वाटेवर मात्र केळीच्या वाड्या लागल्या आणि एक जुनी बेकरी. तिथे ऑम्लेट-पाव जरूर खा.

गल्ल्यावरच्या काकींना शब्द विचारला, तर त्या हसल्या. “आता कोण बोलतंय तसं! माझी सासू बोलायची. गोल पाव उरला की कापून परत भट्टीत घालायचे, कडक होईपर्यंत. तो रोश्का. आता सगळे टोस्टच मागतात.”

टोस्टचं पाकीट घेऊन मामाकडे गेले. आईने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ती आजारी असताना मीच त्याला फोन लावून तिच्या कानाशी धरला होता.

“मामा, ती तुम्हाला काय म्हणाली, ते कळलं होतं?”

“हो. लहानपणी तापात दुसरं काही खायची नाही. बाबा तेच आणून द्यायचे.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू कुठे विचारलंस?” तो केळीच्या घडाला दोरी बांधत राहिला. “आणि इथलं एवढं हवं होतं, तर जायचंच नव्हतं तिने.”

मामी चहा घेऊन आली. मी न पिताच निघाले.

रात्री घरी पोचल्यावर धाकट्या बहिणीला फोन केला. प्रवास वाया गेला नाही, असं तिला सांगणार होते. पण पुन्हा तिकडे जावंसं वाटेल असं काही मनात उरलंच नव्हतं.

“कोण निघाली गं ती रोश्का?” तिने विचारलं.

मी सांगितलं.

“ताई,” ती म्हणाली, “चहात बुडवून दिला असता तर खाता आला असता गं तिला.”