आमच्या व्याह्यांचे खोटे मासे

खोट्या माशांचा इतका खरा संसार मांडलेला माणूस उभ्या वसई तालुक्यात आमच्या व्याह्यांशिवाय दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. तालुकाच कशाला, डहाणूपासून उत्तनपर्यंत सगळा किनारा पालथा घाला. जाळी असलेली माणसं मिळतील, होड्या असलेली मिळतील, हातातून निसटलेल्या माशांच्या गोष्टी असलेली तर पैशाला पासरी मिळतील. पण लाकडाचे, रबराचे, पत्र्याचे, पिसांचे, काचेचे डोळे लावलेले हजारभर मासे तिथीवार खणांतून मांडून ठेवणारा माणूस एकच, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. हे वाक्य मी आज अभिमानाने लिहिते आहे. मुलीची बोलणी करायला व्याह्यांच्या गावी, नंदाखालला गेलो होतो, तेव्हा मात्र हेच वाक्य माझ्या घशात अडकलं होतं.

आम्ही मूळचे कराडकडचे, नोकरीपायी वसईत येऊन फ्लॅट घेतलेले. माझ्या स्वयंपाकघरात मोहरीचा डबा डोळे मिटून सापडतो, पण मासा म्हटला की मला तो चित्रातलाच ठाऊक. अशा बाईला व्याह्यांनी पहिल्या भेटीत मुलगा दाखवला नाही, बाग दाखवली नाही, चहासुद्धा नंतर. ‘या, आधी कपाट बघा,’ म्हणाले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, अंगात पांढरा सदरा, बोलायला मऊ असा माणूस. केळी आणि सोनचाफ्याच्या बागेतलं घर. मला वाटलं, सोन्यानाण्याचं कपाट दाखवतात की काय! माडीवर नेऊन त्यांनी दाखवलं ते आगाशीतल्या एका बंद पडलेल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेलं, लहान लहान खणांचं सागवानी कपाट. खणांवर हिरडा, बेहडा, नागकेशर अशी जुनी नावं पुसट दिसत होती आणि त्यांवर पांढऱ्या रंगात प्रतिपदा, द्वितीया, तृतीया असं रंगवलेलं होतं. त्यांनी चतुर्थीचा खण ओढला. मला वाटलं, मोदकाचे साचे असतील. आत कापसावर ओळीने मासे निजले होते आणि प्रत्येकाच्या पोटाखाली तीन तोंडांचा गळ होता.

गळाला खरी कोळंबी न लावता हे खोटे मासे लावून खरे मासे धरायचे, हा त्यांचा छंद. कोळंबी का नाही, असं मी विचारलं. खरं तर काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं. ‘जित्या कोळंबीच्या पाठीत गळ खुपसायचा म्हंजे माझ्यानं होत नाय,’ ते म्हणाले. ‘मासा खानारा मानूस मी, नाय म्हनत नाय. पन कोनाला फसवायचं तर आपल्या हातच्या वस्तूनं फसवावं. त्या गरीब कोळंबीला मध्ये कशाला घ्या?’

मग तिथ्यांचा उलगडा झाला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, खाडीचं पाणी धावतं आणि गढूळ होतं; अष्टमी उलटली की भांग लागते, म्हणजे भरती-ओहोटी आळसावते आणि पाणी निवळतं. गढूळ पाण्यात माशाला दिसावं, ऐकू यावं म्हणून उधाणाच्या खणांत भडक, पोटात छर्रे घातलेले, खुळखुळणारे मासे; भांगेच्या खणांत बारीक, रुपेरी, गुपचूप पोहणारे. हे ज्ञान इथे शेंबड्या पोरालाही असतं, पण त्याचं कपाट करण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्यातही शुद्ध पक्षाचे खण वेगळे, वद्य पक्षाचे वेगळे. ‘पण दोन्हीकडची भरती सारखीच ना?’ मी हुशारी दाखवली. ‘भरती सारखी, चांदनं सारखं नाय,’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. घरी परतताना मी यजमानांना म्हटलं, स्थळ चांगलं आहे, फक्त माणूस जरा वाहून गेलेला आहे.

लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुजींनी दोन तिथ्या सुचवल्या, तृतीया आणि दशमी. व्याह्यांनी क्षणाचाही विलंब न लावता ‘दशमी’ म्हटलं. आमचे यजमान भारावून गेले. ज्योतिषाचा केवढा व्यासंग, पंचांगसुद्धा उघडलं नाही, असं चारचौघांत सांगत सुटले. पुढे लग्नाचे फोटो बघता बघता व्याह्यांनीच सहज सांगितलं की तृतीयेला पाण्याला ओढ असते, मासा घेतो. दशमीला भांगेचं पाणी, काहीच लागत नाही, म्हणून दशमी बरी. माझ्या मुलीचं लग्न असं मासे न लागण्याच्या दिवशी झालं, आणि ते उत्तम लागलं, हेही सांगायला हवं.

व्याह्यांच्या सवयी सांगायला बसले तर तुमचा चहा निवेल. खाडीवरून आले की स्वतः आंघोळ करण्याआधी ते माशांना आंघोळ घालतात. गोड्या पाण्याची बादली, दात घासायचा जुना ब्रश, मग ओटीवरच्या दोरीवर चिमटे लावून वाळवण. नंदाखालच्या रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटतं, या घरात बोंबील सोडून भलत्याच जातीचं काहीतरी वाळत घालतात. गळाच्या टोकांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे टोपीसारखे घातलेले. गंज चढू नये म्हणून नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषून घेणारी जी बारीक पुडी येते, ती प्रत्येक खणात. या पुड्या ते साऱ्या गणगोताकडून गोळा करतात. दिवाळीला आमच्याकडे आले की फराळाआधी विचारतात, ‘कोनी नव्या चपला घेतल्या काय?’ गेल्या वर्षी मला चपलांची गरज नसताना मी एक जोड घेतला. कशासाठी घेतला ते यजमानांना सांगितलं नाही.

काही मासे ते घरीच घडवतात. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून त्याचा मासा करायचा, त्याला नखपॉलिशचे खवले काढायचे. आणि चमचे! चमच्याची दांडी कापून टाकली की उरलेला खोलगट तुकडा पाण्यात पळणाऱ्या माशासारखा चमकतो. त्यामुळे विहीणबाईंच्या घरात मासे उघड्या कपाटात आणि चमचे कुलपात असतात. पाहुणे गेल्यावर त्या चमचे मोजतात, पण संशय पाहुण्यांवर नसतो. ‘यांना आइस्क्रीम दिला की मी समोरून हलत नाय,’ असं त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात व्याही-विहीण चारधामला गेले. घरी माझी गौरी आणि जावई. गौरीला माझा गुण लागलेला आहे. सुट्टीचा दिवस आणि विस्कटलेली वस्तू या दोन गोष्टी तिच्यासमोर एकत्र नांदू शकत नाहीत. अमावास्येचा खण इतका भरला होता की टोप्या निसटून, गळात गळ अडकून एक मासा उचलला की दहा वर येत. तिने पारदर्शक झाकणांचे डबे आणले, प्रत्येक तिथीचा एक डबा केला, वर सुरेख अक्षरात नावं लिहिली. सगळ्यात खालच्या खणात तिला रबरी माशांचा ढीग सापडला. त्या खणावर कुठलीच तिथी नव्हती. तिला वाईट वाटलं. सगळ्यांना तिथी आहे आणि हे बिचारे असेच पडलेले! तिने एकेक रबरी मासा रंग बघून, विचार करून, योग्य त्या तिथीच्या डब्यात घातला आणि डबे माडीवर पत्र्याखाली रचून ठेवले. सासरे आल्यावर चकित होतील, असं तिने मला फोनवर सांगितलंही. मीही शाबासकी दिली.

रबरी मासा आणि कडक प्लास्टिकचा मासा एकमेकांना टेकवून उन्हाळ्यात ठेवले की रबर पाझरतं, रंग सुटतो आणि दोघे एकमेकांना गिळून बसतात, हे आम्हा दोघींच्या बापजन्मात कुणी सांगितलं नव्हतं. व्याही हा नियम पाळायचे, पण कुणाला सांगायचे नाहीत. आपल्याकडे घरोघरी सोवळं पाळतात, पण का ते विचारलं तर कुणी सांगत नाही, तसंच ते.

चारधामहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीचा फोन आला. आधी नुसतं हुंदके देणं, मग म्हणाली, ‘आई, मी पप्पांचे मासे मारले.’ हसू येण्यासारखं वाक्य होतं, पण मला हसू आलं नाही. नव्या सुनेच्या हातून घडलेली एक गोष्ट तिला जन्मभर चिकटते. भाजी करपली तरी तिचा इतिहास होतो. इथे तर सासऱ्याच्या आयुष्यभराच्या जमवाजमवीचा लगदा झाला होता. उद्या नातवंडांनाही ‘तुमच्या आईने काय केलं ठाऊक आहे?’ म्हणून ऐकवतील, असं माझ्या मनात येऊन गेलं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून स्टेशनाजवळून घाईत जे दिसलं ते घेतलं आणि रिक्षा केली. नंदाखालला उतरले तेव्हा लक्षात आलं, मी केळी घेतली होती. केळीच्या बागेत केळी घेऊन माफी मागायला गेलेली विहीण मी एकटीच असेन.

ओटीवर वर्तमानपत्रं पसरून व्याही बसले होते. एका बाजूला वाचलेले मासे, दुसऱ्या बाजूला गेलेले. गौरी खांबाला टेकून उभी, डोळे सुजलेले. विहीणबाई मला बघून म्हणाल्या, ‘लग्न होऊन आल्यापासून मी या कपाटाला हात लावला नाय. भीतीनं.’

‘भीतीनं नाय, कंटाळ्यानं,’ व्याही मान वर न करता म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘विहीनबाय, बसा. तुमच्या पोरीनं काय केलंय, तुमाला ठाव हाय?’

मी माफीची वाक्यं जुळवत होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. एकेक चिकट डबा पुढे करत ते म्हणाले, ‘हा हिरवा रबरी तिनं सप्तमीला घातला. हा काळा अमावास्येला. हा पांढरा भांगेत. सगळे बरोबर घातले. मला इतक्या वर्सांत सुचलं नाय. जेवताना मी जी बडबड करतो, ती ही पोर ऐकत होती.’ डबा खाली ठेवून म्हणाले, ‘चिकटले ते माझ्यामुळं. नियम मी सांगितला नाय, तर चूक कोनाची? पन आपनहून या कपाटाला हात लावनारी या घरात ही पयली.’

विहीणबाई आत गेल्या आणि चहा टाकला. मला तेव्हा कळलं की हजारभर माशांच्या त्या धन्याला आजवर ऐकणारं माणूस मिळालं नव्हतं. ताटावर बसून तो रोज भरती-ओहोटी सांगायचा आणि घर आमटी वाढायचं. माझ्या मुलीने ते ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि त्याच जोरावर एवढा मोठा घोटाळा केला होता. मला इतका अभिमान वाटला की मी माझीच दोन केळी खाल्ली.

अमावास्येच्या डब्यातला एक गोळा मात्र काही केल्या सुटला नाही. पिवळा, काळा, लाल, असे पाच-सात मासे एकजीव झालेले, मधून दोन-तीन काचेचे डोळे भलत्याच दिशांना बघणारे. गौरी तो टाकून द्यायला निघाली. व्याह्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला, त्याला नवा गळ लावला आणि ज्या खालच्या खणाला कधी नाव नव्हतं, त्यात ठेवून खणावर रंगवलं, ‘अधिक’. त्या दिवसापासून खाडीवर गेलं की पहिली फेक त्या गोळ्याची, तिथी कुठलीही असो. त्याला आजतागायत एकही मासा लागलेला नाही. बांधावरची पोरं विचारतात, ‘काका, पान्यात वडा टाकता काय?’ व्याही म्हणतात, ‘सुनेचा मासा हाय. घेईल कोनतरी.’ खोट्या वस्तूंच्या बाबतीत हा माणूस इतका खरा आहे की पोरंच शेवटी दोरीकडे बघत बसतात.

मागच्या महिन्यात त्यांच्याबरोबर मीही संध्याकाळी खाडीवर गेले. व्याह्यांचा उजवा खांदा आता धरतो, दोरीची बारीक गाठ नीट दिसत नाही. गाठी गौरीच मारते, डबेही तीच उचलते. त्यांनी खांदा सावरत तो गोळा फेकला. तो आकाशात वेडावाकडा फिरत गेला आणि पाण्यात मोठा आवाज करून पडला. मी जन्मात मासा खाल्लेला नाही, आणि खाणारही नाही; पण त्या घटकेला मी हात जोडून देवाकडे मासा मागितला. लहानसा चालला असता. माझ्या मुलीच्या चुकीची बाजू घेऊन जो माणूस इतकी वर्षं पाण्याकडे बघत उभा आहे, त्याला एकदा तरी दोरीला ओढ लागायला हवी होती.

लागली नाही. त्यांनी सावकाश दोरी गुंडाळली, गोळा गौरीच्या हातात दिला, तिने तो ओढणीच्या टोकाने पुसला. ‘आज बघून गेला,’ व्याही म्हणाले. ‘येईल.’

परतताना उजेड कमी झाला होता आणि बांध निसरडा होता. व्याही पुढे चालले होते आणि गौरी त्यांच्या मागून त्यांना रागवत होती. पाय जपून टाका, चष्मा का नाही आणला, किती वेळा सांगायचं तुम्हाला. अगदी मला रागावते त्याच आवाजात. ते निमूटपणे ऐकत होते. मी मुद्दाम थोडी मागे राहिले.