पाडण्यासाठी बांधलेलं घर

सुवा या बेटावरच्या शहरात, विद्यापीठामागे पत्र्याची एक उंच शेड आहे. तिथे सेरेइमाबाई वीसेक वर्षं मुलांना घरं बांधायला लावत आणि बांधून झाली की पाडायला लावत. विषय इमारतींच्या बळाचा, पण खडूला त्यांचा हात क्वचितच लागे. पहिल्याच दिवशी दोन मुलांना समोरासमोर उभं करून एकमेकांचे हात धरायला आणि मागे झुकायला सांगत. "कुठे जाणवतंय? खांद्यात ना? ती ओढ. आता तळव्याला तळवा लावा आणि पुढे रेला. हा दाब. झालं, निम्मा अभ्यास झाला, जा चहा पिऊन या."

तिसऱ्या वर्षाला खरं लाकूड येई. दोन पुरुष उंचीचा घराचा सांगाडा उभा करायचा, छपराच्या वजनाइतकी वाळूची पोती वर टांगायची आणि वादळ व्हायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून बाजूने दोर ओढायचा. कोपऱ्यांतले तिरपे वासे जागेवर असले की सांगाडा हूं की चूं करत नसे. ते काढले की काडेपेटीचं रिकामं टरफल दोन बोटांत दाबावं तसा चपटा होई. बाईंना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. कोरो बेटावर त्या लहान असताना वादळात शाळा पडली होती. लोक म्हणत, छप्पर उडालं. बाई म्हणत, उडालं नाही, भिंती आडव्या झाल्या आणि छप्पर खाली बसलं. त्या छपराखाली सापडलेली त्यांची मधली बहीण आजही लंगडते.

विभागाचे नवे प्रमुख मुनसामी माणूस वाईट नव्हते, पण शेडची जागा त्यांना कॉम्प्युटरसाठी हवी होती.

"बाई, हे सगळं पडद्यावर पाडता येतं. पोती नकोत, दोर नको. पोरं शिकायला येतात की डोकी फोडून घ्यायला?"

"आजवर एकाचंही फुटलेलं नाही, सर."

"बरं. यंदा मी स्वतः येतो. बघतो आणि ठरवतो."

तेव्हा यंदाचं घर नीट पडणं फार गरजेचं होतं. बाईंनी आणखी एक पाहुणा बोलावला, कोरोवरच्या त्यांच्या गावचे मुख्य, रातू एमोसी. रातू हा तिथल्या मुख्यांचा मानाचा किताब. गावाचं नवं सभागृह मुलांच्या आराखड्यावरून उभं राहणार होतं. आराखडा वर्गातल्या वासितीचा. ती रातूंच्याच गावची. आवाज इतका बारीक की ती बोलायला लागली की समोरचा कान पुढे करी.

पाहुण्यांच्या खुर्च्या भिंतीकडेला लावा, असं बाईंनी मुलांना बजावलं होतं. त्या मुनसामींना आणायला फाटकापर्यंत गेल्या आणि तेवढ्यात रातू मागच्या दाराने आले.

आता, खांब आहेत, तुळया आहेत, आढं आहे म्हटल्यावर ते घर झालं. घर झालं की त्याला मानाचं टोक आलं. डोळ्यांसमोर घर असताना रातूंनी भिंतीला लागून खुर्चीत बसायचं, हे मुलांना कसंसंच वाटलं. त्यांनी सांगाड्याच्या आत, वरच्या टोकाला चटई घातली. पण त्या बाजूचा तिरपा वासा वाटेत छातीच्या उंचीवर आडवा येत होता. रातू काय वाकून आत शिरणार?

"काढ रे तो," जोसातेकी म्हणाला. धिप्पाड, हसरा पोरगा. "बसले की लावू परत. दोन बोल्ट तर आहेत."

रातू ताठ मानेने आत आले आणि नेमके त्याच कोपऱ्यात, खांबापाशी बसले.

बाई परतल्या तेव्हा यंगोनाचा, म्हणजे पाहुण्याला मुळांचं पेय पाजण्याचा, मान सुरू झाला होता. अशा वेळी कोणी उभं राहत नाही, कोणी मधून जात नाही. बाई खालच्या टोकाला मांडी घालून बसल्या. मुनसामी दारातच थांबले. बाईंची नजर भिंतीकडे गेली. तिथे तिरपा वासा टेकून ठेवलेला होता. चटईमागे वासिती गुडघ्यांवर बसली होती, मांडीवर पाना. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी वर पाहिलं. पोती टांगलेली होती, सगळीच्या सगळी.

उठा, इतकंच म्हणायचं होतं. पण करवंटी रातूंच्या हातात पोचली होती. पिऊन होऊ दे, बाईंच्या मनात आलं. एवढंसं तर पेय.

रातू प्यायले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रातूंनी करवंटी परत दिली, समाधानाने सुस्कारा सोडला आणि खांबाला पाठ टेकली.

करकर झाली नाही, काही मोडल्याचा आवाज आला नाही. पेंगणारा माणूस कलावा तसं ते घर आधी सावकाश कललं आणि मग एकदम गेलं.

"अरे बाप रे!" मुनसामी ओरडले. ओरडणारे ते एकटेच होते.

धूळ खाली बसली. यंगोनाचं लाकडी भांडं पोत्याखाली दुभंगलं होतं. बाकीचे बाहेर सटकले होते. रातू दोन तुळयांच्या बेचक्यात, खांदा धरून, तोंडातून शब्द न काढता बसले होते. हासळीचं हाड मोडलं होतं. पोतं हातभर अलीकडे पडलं असतं तर मोडायला हाडं पुरली नसती.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर बाईंनी मुलांना शेडबाहेर उभं केलं.

"वासा काढलाय हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

एक हात वर आला. मग दुसरा, तिसरा. मग जवळजवळ सगळे.

"मॅडम," जोसातेकी म्हणाला, "ते बसले तिथेच बोल्टाचं भोक. रातूंच्या डोक्यावरून हात कसा न्यायचा?"

"मग त्यांना उठवायचं!"

"रातूंना?"

हे त्याने इतक्या नवलाने विचारलं की बाईंना रागावता येईना. कारण त्यांचाही हात वर यायला हवा होता. बहिणीचा पाय डोळ्यांसमोर घेऊन त्यांनी जन्मभर एकच गोष्ट शिकवली, आणि ती तोंडातून काढायच्या वेळी त्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे माफीसाठी देवमाशाचा दात घेऊन बाई आणि वासिती दवाखान्यात गेल्या आणि खाटेजवळ जमिनीवर बसल्या. रातूंनी डाव्या हाताने दाताला स्पर्श केला. माफी पोचली. पण ते तिथेच थांबले नाहीत.

"पोरी, तुझ्या मांडीवर पाना होता ना?"

"हो, रातू."

"मी पाहिला होता."

वासितीने चटकन मान वर केली.

"माझ्या डोक्यावर तुझं काहीतरी काम राहिलंय, एवढं कळलं मला. म्हटलं, कोणीतरी सांगेल. मी आपणहून उठलो असतो तर तुमची यंगोना मला रुचली नाही असं झालं असतं. तुम्ही माझा मान राखलात, मी तुमचा राखला. आणि दोघांच्या मध्ये माझं हाड गेलं." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो दुखून अर्ध्यावर राहिला. "घर पडेल हे मात्र ठाऊक नव्हतं हो. ते तुम्हाला ठाऊक होतं."



सोमवारी मुनसामींनी बाईंना बोलावलं. वासिती बाहेर बाकावर बसली.

"शेड बंद करतो, बाई. आणि पाना त्या मुलीच्या हातात होता. तिला नापास करावं लागेल."

"मग मलाही करा. मी तिच्याइतकंच पाहिलं होतं."

"तुम्ही?" मुनसामींच्या हातातला कप तोंडाशी थांबला.

बाईंनी सगळं सांगितलं, रातूंचंसुद्धा. मुनसामी ऐकताना मध्येच "हे भगवान" म्हणाले.

"म्हणून तर पडदा बरा, बाई!"

"पडद्यावर वासा काढला तर तुम्हाला लाल रेघ दिसेल. पण पडद्यावरच्या घरात कोणी मानाचा माणूस येऊन बसत नाही, सर. ही मुलं उद्या गावोगाव घरं बांधतील, तिथे तो बसणार आहे. दोर ओढण्याआधी वर्गातल्या सर्वांत लहान मुलाने शेडमधल्या सर्वांत मोठ्या माणसाला उठवायचं, हे मी आता शिकवणार. जमलं नाही तर त्या दिवशी घराला हात लावायचा नाही."

"आणि याला इंजिनिअरिंग म्हणायचं?"

"माझ्याकडून नेमकं हेच राहिलं होतं." बाईंनी दार उघडलं. "वासिती, आत ये. साहेबांना उठव."

वासितीचा चेहरा उतरला. ती वाकून आत आली. "तुलोऊ, माफ करा सर... म्हणजे, तुम्हाला जर... चालत असेल तर..."

मुनसामींनी वर पाहिलंही नाही. "मला काही ऐकू येत नाही. तुझं विचारून होईपर्यंत वादळ येऊन जाईल, पोरी."

"सर..."

"चहा पिऊ दे मला."

"उठा!"

कपातला चहा टेबलावर सांडला. बाहेर कारकुनाचं टायपिंग थांबलं. मुनसामी उभे होते. आपण कधी उभे राहिलो हे त्यांनाच कळलं नव्हतं. वासितीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. वीसेक वर्षं मुलांना शिकवणाऱ्या बाईंनीही असा आवाज कधी ऐकला नव्हता.



"शेडची किल्ली तुमच्याकडेच ठेवा," मुनसामी अखेर म्हणाले. त्यांनी रुमालाने बाही पुसली आणि वासितीकडे वळले. "आता बसू का?"

वासितीने आधी छताकडे पाहिलं.

"बसा, सर."