शिट्टीबाई कॉम्प्युटरला दोर बांधतात

खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, एरवी सगळ्यांच्या तोंडी त्या शिट्टीबाईच. पोहण्याच्या तलावावर शिकवायला लागल्या त्या दिवसापासून गळ्यात शिट्टी. ती कधी घरी विसरली तरी अडायचं नाही, कारण बाईंचा आवाज शिट्टीच्याही वरताण. वडील त्याच तलावावर पहारेकरी होते. कठड्यावर बसून दुसऱ्यांचं बघत बघतच पोरगी पोहायला शिकली आणि एका दुपारी वडिलांची पाठ वळताच खोल बाजूला उडी मारून पलीकडे निघाली. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. रागावले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला शिकाऊंच्या तुकडीत नेऊन उभं केलं.

पाण्याला न भिणारी ही बाई कॉम्प्युटरला मात्र बिचकायची. भावाच्या ऑफिसात नवे आले तेव्हा त्याने जुना भाच्यांसाठी पाठवून दिला होता. बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर तो बसला. थोरली आठवीत, धाकटी चौथीत. दोघींची त्याच्यावरून रोज जुंपायची. नवरा लांबच्या बसगाड्या चालवायचा, आठवड्यातून तीन दिवस बाहेर. बाई टेबलावरची धूळ पुसायच्या तीही आधी विचारून, "बंद आहे ना गं?"

एकदा पाणी बदलायचं म्हणून तलाव बंद ठेवला आणि बाई भरदुपारी घरी आल्या. धाकटी एकटीच खेळत बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेलं होतं: तुझी शाळा कुठली? घरी एकटीच असतेस का?

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"माझा मित्र आहे. खेळातले हिरे देतो मला."

"कधी बघितलंयस त्याला?"

धाकटीने नाही म्हणून मान हलवली. बाईंनी सरळ भिंतीतली पिनच उपटली. कॉम्प्युटर उचलून कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली शिट्टीच्या दोरीत ओवली. थोरलीने आदळआपट केली, धाकटीने गळा काढला. बाई ढिम्म हलल्या नाहीत.

मग घरात अशी काही शांतता पसरली की बाई मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटू लागल्या. मुली शाळेनंतर मैत्रिणीकडे अभ्यासाला जात होत्या. आणि एका संध्याकाळी भाजी घेऊन परतताना, तासावर कॉम्प्युटर मिळणाऱ्या दुकानाच्या काचेतून बाईंना दोन ओळखीच्या वेण्या दिसल्या. आजूबाजूला सगळी मोठी माणसं, मधे त्यांच्या पोरी.

आत घुसून दोघींचे कान पिळावेत असं वाटलं होतं, पण पाऊल उंबऱ्याशीच थांबलं. दरवर्षी दुरुस्तीसाठी तलाव बंद झाला की ऑफिसात जाऊन याच बाई भांडायच्या, "तलावाला कुलूप लावाल तर पोरं खाणीतल्या पाण्यात उड्या मारतील!" आणि स्वतःच्या घरी त्यांनी काय केलं होतं? त्या आत गेल्या, दोघींच्या मधे स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "आता मलाही दाखवा, काय असतं यात."

मुलींनी घाईघाईने सरकून जागा केली.

बाईंच्या शिकाऊ तुकडीत एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाले होते. वय चाळिशीचं, अंगाने धिप्पाड, पण कठडा काही सुटत नव्हता. दुसऱ्या सकाळी बाईंनी त्यांना गाठून सगळं सांगितलं आणि विचारलं, उथळ आणि खोल बाजूच्या मधे आपण दोर बांधतो, तसा कॉम्प्युटरमध्ये बांधता येतो का? दुरुस्तीवाले हसले. येतो की, म्हणाले, प्रत्येकीचं वेगळं खातं करायचं, कुठे जाता येईल आणि किती वाजेपर्यंत ते तुम्ही ठरवायचं. मात्र बाईंनी ते स्वतःच्या हाताने करायचं, हे त्यांनी ठासून सांगितलं. "तुम्ही मला पाण्यात उचलून नेता का?"

त्या रविवारी कॉम्प्युटर कपाटातून बाहेर निघाला, दुरुस्तीवाले शेजारी खुर्ची टाकून बसले आणि बाईंनी एकेक अक्षर शोधत खाती तयार केली. घाम फुटला, दोनदा सगळं पुसलं गेलं. पण पहिल्याच संध्याकाळी सातच्या ठोक्याला धाकटीचा खेळ आपोआप मिटला, तेव्हा बाई टाळ्या पिटत स्वयंपाकघरातून धावत आल्या. "मिटला! मी सांगितलं तसा मिटला!" धाकटी रुसायचंच विसरली.

चार दिवस हे सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी बाई घरी आल्या तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि थोरली आरामात चित्रं बघत बसली होती. बाईंनी पडद्याच्या कडेला पाहिलं. कॉम्प्युटरच्या घड्याळात दुपारचे तीन.

थोरलीचा चेहरा उतरला. तिचं खातं करताना बाईंकडून घड्याळ बदलण्यासकट सगळ्या मुभा चुकून तशाच राहिल्या होत्या. पोरीने ते हेरलं आणि घड्याळच मागे फिरवलं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. माझं मलाच सुचलं."

बाईंचा पारा चढायला निघाला खरा, पण मधेच त्यांना हसू फुटलं, ते आवरेना. त्या उडीच्या दुपारी आपल्या वडिलांना काय वाटलं असेल हे त्यांना आत्ता कळत होतं. मुभा त्यांनी त्याच वेळी काढून घेतल्या, त्याबद्दल घासाघीस नाही. पण मग थोरलीला शेजारी बसवलं. धाकटीला काय उघडं ठेवायचं, काय बंद, हे दोघींनी मिळून ठरवायचं आणि का ते तिला समजावायचं काम थोरलीचं. थोरली अशी काही कामाला लागली की बाईंनाच मधे पडून म्हणावं लागलं, अगं, तिला थोडं खेळू दे.

आणि मग तो दिवस उजाडला. बाई कणीक मळत होत्या. बाहेरून धाकटीची हाक आली, "आई, ये बघ. कुणीतरी माझा फोटो मागतंय. मी काही लिहिलं नाही."

बाई पिठाच्या हातांनीच पळाल्या. मागून थोरली. तिघी एकाच खुर्चीला चिकटल्या. थोरलीने अडवण्याचं बटण दाखवलं, बाईंनी पिठाच्या बोटाने ते दाबलं आणि तो माणूस पडद्यावरून नाहीसा झाला. कॉम्प्युटर कपाटात गेला तेव्हा रडून घर डोक्यावर घेणारी धाकटी, तिने आज आपण होऊन हाक मारली होती! बाईंनी तिला उचलून गरागरा फिरवलं. फ्रॉकवर पांढरे पंजे उमटले. थोरली एकसारखी म्हणत होती, मी सांगितलं होतं तिला, उत्तर द्यायचं नाही म्हणून मीच सांगितलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. नवरा दोन दिवसांच्या फेरीवरून आला होता. बूटही न काढता तो दारातच अडकला, कारण तिघी एकदम बोलत होत्या. घड्याळ, खाण, दोर, फोटो, दुरुस्तीवाले. त्याला ओ की ठो कळलं नाही. तो पिशवी खाली ठेवून म्हणाला, "एकेकीने सांगा. पण आधी पाणी द्या."

पाणी आणायला कुणीच हललं नाही.